टाइल्समधले सांधे उखडलेत? वरून व्हाइट सिमेंट फासण्याआधी हे वाचा!

बाथरूम बांधून सात-आठ वर्षं झाली की टाइल्स अजून नव्यासारख्या चमकत असतात, पण त्यांच्या मधल्या रेघा मात्र थकलेल्या दिसतात. कुठे काळ्या पडलेल्या, कुठे भुगा झालेल्या, तर कुठे पार निघून गेलेल्या.

मग घरात कुणीतरी म्हणतं, "अर्धा किलो व्हाइट सिमेंट आणा, रविवारी भरून टाकू." रविवारी ते भरलंही जातं. महिना-दोन महिने छान दिसतं. आणि मग पापुद्र्यासारखं सुटून नहाणी ट्रॅपच्या जाळीवर येऊन बसतं.

असं का होतं? कारण सांध्यांच्या दुरुस्तीत नवीन मसाला भरणं हे सगळ्यात सोपं काम आहे. खरी मेहनत आहे ती जुना मसाला खरवडून काढण्यात, आणि त्याच्याही आधी तो खराब का झाला हे ओळखण्यात. या दोन गोष्टी नीट केल्या, तर छोट्या बाथरूमचं काम घरच्या घरी होऊ शकतं. त्या टाळल्या, तर कितीही महागडा मसाला आणा, तो टिकणार नाही.

चला तर मग, सगळं क्रमाने समजून घेऊया.

ग्राउट म्हणजे काय आणि काय नाही?

दोन टाइल्समधल्या फटीत जो मसाला भरतात, त्याला ग्राउट म्हणतात. साध्या ग्राउटमध्ये सिमेंट, बारीक भुकटी, रंग आणि चिकटपणा वाढवणारं पॉलिमर असतं.

त्याचं काम काय? फटीत घाण जाऊ न देणं, टाइल्सच्या कडांना आधार देणं आणि टाइल्सच्या मापात जो किंचित फरक असतो तो सामावून घेणं.

ग्राउट पाणी अडवण्यासाठी असतं, असं बऱ्याच जणांना वाटतं. पण सिमेंटचं ग्राउट थोडंफार पाणी शोषतंच. पाणी अडवण्याचं खरं काम टाइल्सच्या खाली केलेल्या वॉटरप्रूफिंगच्या थराचं आहे. ग्राउट ही फक्त पहिली चौकी. ती मोडली की खालच्या थरावर जास्त पाणी जातं, पण तो थर शाबूत असेल तर खालच्या घरात लगेच गळत नाही.

म्हणजेच, खालच्या मजल्यावर ओल आली असेल आणि तुम्ही फक्त सांधे भरले, तर कदाचित काहीच फरक पडणार नाही. याबद्दल पुढे सविस्तर बघू.

मग व्हाइट सिमेंट का टिकत नाही? नुसतं व्हाइट सिमेंट पाण्यात कालवून भरलं की सुकताना ते आकसतं. त्याला धरून ठेवायला त्यात ना भुकटी असते, ना पॉलिमर. त्यामुळे बारीक तडे जातात. आणि तेही जुन्या, साबणाने माखलेल्या सांध्यावर पातळ लेपासारखं लावलं असेल, तर ते चिकटणार तरी कशाला?

सांधे खराब का होतात?

१. अ‍ॅसिड: आपल्याकडचं हे सगळ्यात मोठं कारण. संडास साफ करायच्या बऱ्याच द्रवांमध्ये हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड असतं. हार्डवेअरच्या दुकानात सुटं मिळणारं अ‍ॅसिड तर त्याहून जहाल. ते टाइलच्या चकाकीचं फारसं काही बिघडवत नाही, पण सिमेंट मात्र विरघळवतं. फरशीवर अ‍ॅसिड ओतल्यावर जो फेस येतो, तो फक्त घाणीचा नसतो. त्यात तुमचं ग्राउटही असतं! व्हिनेगर आणि लिंबू हीसुद्धा अ‍ॅसिडच, फक्त सौम्य.

२. कालवताना जास्त पाणी: मसाला सरसरीत केला की पटकन भरला जातो. पण जास्तीचं पाणी उडून गेलं की मागे बारीक छिद्रं उरतात आणि सांधा ठिसूळ होतो.

३. फटच न ठेवणं: "जॉइंट दिसायला नको" म्हणून टाइल्स एकमेकींना चिकटवून बसवतात. मग केसाएवढ्या फटीत मसाला आत जातच नाही, नुसता वर बसतो.

४. हालचाल: उन्हाने, ओलाव्याने आणि इमारतीच्या वजनाने भिंत आणि जमीन किंचित हलत असतात. दोन भिंती जिथे मिळतात त्या कोपऱ्यात ही हालचाल सगळ्यात जास्त जाणवते.

५. टाइलच सुटलेली असणं: टाइलखाली मसाला पोकळ असेल, तर पाय पडला की ती दबते आणि सांधा तुटतो.

आधी तपासणी: दहा मिनिटांचं काम

माठ विकत घेताना आपण काय करतो? बोटाने वाजवून बघतो. खणखणीत वाजला तर चांगला, बद्द वाजला तर परत ठेवतो. टाइल्सचंही तेच करायचं. स्क्रूड्रायव्हरची मूठ किंवा नाणं घेऊन प्रत्येक टाइल मध्यभागी आणि चारही कोपऱ्यांवर हलकेच ठोका. आजूबाजूच्या टाइल्सपेक्षा वेगळा, पोकळ आवाज आला तर तिथे खडूने खूण करा.

मग स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने सांधे जरा खरवडून बघा. तुमचा प्रश्न या चारपैकी एका प्रकारात बसेल:

* सांधा घट्ट आहे, फक्त काळा पडलाय: दुरुस्तीची गरज नाही, स्वच्छता पुरे. खाण्याचा सोडा आणि पाण्याची पेस्ट लावून दहा-पंधरा मिनिटांनी नायलॉनच्या ब्रशने घासा. तारेचा ब्रश नको.
* भुगा पडतोय, खड्डे आहेत: जुनं काढून नवीन ग्राउट भरायचं. हा लेख मुख्यतः याच कामाबद्दल आहे.
* फक्त कोपऱ्यात किंवा भिंत-जमीन जोडावर उभी-आडवी चीर आहे: इथे ग्राउट नाही, सिलिकॉन सीलंट लागेल.
* टाइल्स बद्द वाजतायत किंवा हलतायत: आधी टाइल पुन्हा बसवायला हवी. नुसता सांधा भरून उपयोग नाही.

जीवावर बेतणारी एक चूक: काळे डाग जात नाहीत म्हणून अनेक जण ब्लीच आणि टॉयलेट क्लीनर एकत्र ओततात. ब्लीच आणि अ‍ॅसिड एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू तयार होतो. छोट्या, बंद बाथरूममध्ये तो फुफ्फुसांना गंभीर इजा करू शकतो. एका वेळी एकच द्रव वापरा, भरपूर पाण्याने धुवा आणि दार-खिडकी उघडी ठेवा.

खाली गळत असेल तर?

इथे घाई करू नका. गळती सांध्यांतून आहे की नळाच्या पाइपमधून, हे आधी शोधा. त्यासाठी मिस्त्री लागत नाही, पण खालच्या शेजाऱ्यांची साथ लागते.

त्यांच्या छतावर ओलीची कडा पेन्सिलने आखून ठेवा आणि तारीख लिहा. मग एकेक गोष्ट वेगळी करून तपासा. प्रत्येक पायरीला एक-दोन दिवस द्या, कारण स्लॅबमधून पाणी झिरपायला वेळ लागतो.

१. बाथरूम पूर्ण बंद ठेवा, पण पाण्याचा पुरवठा चालू राहू द्या. तरीही ओल वाढली, तर संशय भिंतीतल्या किंवा जमिनीतल्या पाइपवर. प्लंबर बोलवा.
२. ओल वाढली नाही, तर फक्त फ्लश वापरा. आता वाढली, तर कमोडचा जोड तपासायला हवा.
३. मग नळी थेट नहाणी ट्रॅपमध्ये घालून पाणी सोडा, फरशी कोरडी ठेवा. ओल वाढली, तर ट्रॅपचा जोड सुटलाय.
४. शेवटी फरशीवर आणि भिंतीवर पाणी ओता. फक्त आत्ताच ओल वाढली, तर पाणी सांध्यांतून जातंय आणि खालचं वॉटरप्रूफिंगही कमकुवत झालंय.

चौथ्या प्रकारात सांधे भरल्याने गळती कमी होईल, काही काळ थांबेलही. पण तो कायमचा इलाज नाही, हे शेजाऱ्यांना आणि स्वतःला आधीच सांगून ठेवा.

आणि पैसे कुणी द्यायचे? हाउसिंग सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार घरातल्या संडास-बाथरूम, सिंक यांच्या गळतीचा खर्च त्या सभासदाचा असतो. पावसाच्या पाण्याची आणि सामाईक पाइपलाइनची गळती सोसायटीने बघायची असते.

घर नवीन असेल तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. रेरा कायद्यानुसार ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांच्या आत बांधकामातला दोष दाखवून दिला, तर बिल्डरने ३० दिवसांत तो विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. त्यामुळे अशा घरात हत्यार उचलण्याआधी फोटो काढा आणि लेखी तक्रार करा.

काय काय आणायचं?

ग्राउट: दुकानात मुख्यतः दोन प्रकार मिळतात.

* *सिमेंटचं ग्राउट:* स्वस्त, भरायला सोपं, चूक झाली तर पुसता येतं. पहिल्यांदाच करणाऱ्यांनी हेच घ्यावं. फट ३ मिमीपर्यंत असेल तर बारीक, वाळू नसलेलं घ्या. त्याहून रुंद असेल तर वाळूमिश्रित.
* *इपॉक्सी ग्राउट:* पाणी जवळजवळ शोषत नाही, हळदीचे-तेलाचे डाग सहज धरत नाही. ओट्यामागच्या भिंतीसाठी उत्तम. पण महाग, लवकर घट्ट होणारं, आणि टाइलवर वाळलं तर काढताना घाम फोडणारं. याचे भाग पाकिटात मोजून दिलेले असतात. अंदाजाने कमी-जास्त केले तर ते नीट वाळतच नाही.

किती लागेल? ३०० × ४५० मिमीच्या टाइल्स, २ मिमी फट आणि ६ मिमी खोली धरली, तर १०० चौरस फुटांना साधारण १ किलो सिमेंट-ग्राउट लागतं. थोडं वाया जाणारच, म्हणून सव्वा किलो धरा. टाइल्स २०० × २०० मिमीच्या असतील तर सांधे जास्त, त्यामुळे जवळपास दुप्पट.

बाकी सामान: ग्राउट खरवडायचं हत्यार (नसेल तर तुटलेलं हॅक्सॉ ब्लेड, एका टोकाला कापड गुंडाळून), जुना टूथब्रश, मास्किंग टेप, रबरी फ्लोट किंवा जाड रबराची पट्टी, स्पंज, दोन बादल्या, रबरी हातमोजे, चष्मा आणि चांगला मास्क.

मास्क आणि हातमोजे चैनीचे नाहीत. खरवडताना उडणाऱ्या धुळीत सिलिका असते, ती फुफ्फुसांना घातक. आणि ओलं सिमेंट त्वचा भाजतं.

प्रत्यक्ष काम: पायरी पायरीने

पायरी १: खरवडा. टाइलच्या कडांना मास्किंग टेप लावा, म्हणजे हत्यार घसरलं तरी ओरखडा पडणार नाही. सांध्याच्या मध्यातून सुरुवात करून मग कडांकडे जा. खोली किती? टाइलच्या जाडीच्या दोन तृतीयांश उत्तम. भिंतीची टाइल ६ ते ८ मिमी जाड असते, म्हणजे ४ ते ५ मिमी. निदान ३ मिमी तरी हवंच, नाहीतर नवीन मसाल्याला पकड मिळत नाही. मात्र टाइलच्या जाडीपेक्षा खोल जाऊ नका, खाली वॉटरप्रूफिंगचा थर असू शकतो.

अँगल ग्राइंडरचा मोह टाळा. सराव नसेल तर एका झटक्यात टाइल फुटते.

हे काम कंटाळवाणं आहे. एका दिवसात एकच भिंत झाली तरी चालेल. पण इथेच घाई केली तर पुढचं सगळं वाया.

पायरी २: धुवा आणि सुकवा. ब्रशने भुगा काढा, पाण्याने धुवा. साबणाचा थर राहिला तर मसाला धरत नाही. मग २४ तास सुकू द्या. काळी बुरशी दिसत असेल तर ती आधी साफ करा. तिच्यावर ग्राउट भरलं तर ती पुन्हा वर येते.

पायरी ३: कालवा. आधी पाणी घ्या, मग त्यात हळूहळू पावडर घाला. पाण्याचं प्रमाण पाकिटावर दिलेलं असतं, तेच पाळा. घट्ट श्रीखंडासारखं झालं पाहिजे, चमच्यातून ओघळता कामा नये. पाच-दहा मिनिटं तसंच ठेवा आणि पुन्हा एकदा ढवळा. एका वेळी अर्ध्या तासात संपेल इतकंच करा. घट्ट व्हायला लागलं म्हणून वरून पाणी घालू नका, ते फेकून द्या.

पायरी ४: भरा. सिमेंटचं ग्राउट असेल तर सांधे ओल्या स्पंजने किंचित ओलसर करा, पण पाणी साचलेलं नको. (इपॉक्सीला मात्र सांधे पूर्ण कोरडे हवेत.) फ्लोट तिरका धरून मसाला दाबून भरा, आत हवा राहायला नको. मग फ्लोट जवळजवळ उभा करून, सांध्यांना तिरपा फिरवत जास्तीचा मसाला काढा. सांध्याच्या रेषेतच फिरवला तर भरलेला मसाला उकरला जातो.

पायरी ५: पुसा. दहा ते वीस मिनिटं थांबा. बोट लावल्यावर मसाला चिकटत नाहीसा झाला की घट्ट पिळलेल्या स्पंजने हलक्या हाताने पुसा. एका बादलीत स्पंज धुवा, दुसरीतल्या स्वच्छ पाण्यात बुडवून पिळा. स्पंज गळता असेल तर रंग धुऊन निघतो आणि सांधे डागाळलेले दिसतात. दोन-तीन तासांनी टाइलवर पांढरट धूसर थर दिसेल. तो कोरड्या कापडाने जातो.

पायरी ६: थांबा. निदान २४ तास पाणी लागू देऊ नका. रोजच्या अंघोळीसाठी ७२ तास थांबलात तर सर्वात चांगलं. ओलं असताना ग्राउटचा रंग गडद दिसतो, सुकल्यावर फिका पडतो, त्यामुळे पहिल्या दिवशी रंग बघून घाबरू नका.

पायरी ७: सीलर. सिमेंटच्या ग्राउटवर तीन-चार दिवसांनी आत मुरणारा सीलर लावा. तो काम करतोय का, हे बघायला वर्षातून एकदा कोरड्या सांध्यावर पाण्याचे चार थेंब टाका. थेंब मोत्यासारखे राहिले तर ठीक, लगेच मुरले तर पुन्हा एक हात द्या. इपॉक्सीला सीलर लागत नाही.

कोपऱ्यांत ग्राउट का नको?

दोन भिंतींचा कोपरा, भिंत आणि जमिनीचा जोड, कमोडची कड, बेसिनची कड. या ठिकाणी दोन वेगळ्या गोष्टी भेटतात आणि दोन्ही आपापल्या परीने हलतात. ग्राउट कडक असतं, ते ताणलं जात नाही, म्हणून तडकतं. तिथे रबरासारखं लवचीक काहीतरी हवं. ते म्हणजे सिलिकॉन सीलंट.

बाथरूमसाठीचं, बुरशीरोधक सिलिकॉन मागा. जागा पूर्ण कोरडी असायलाच हवी, ओल्यावर ते धरत नाही. दोन्ही बाजूंना टेप लावा, सलग रेघ ओढा, साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या बोटाने गुळगुळीत करा आणि ओलं असतानाच टेप काढा. २४ तास पाणी नको.

जवळ संगमरवर असेल तर व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन टाळा, त्याने दगडावर डाग पडू शकतो. "न्यूट्रल" लिहिलेलं घ्या.

काम कधी काढायचं?

पावसाळ्यात नको. विशेषतः कोकण आणि मुंबईच्या दमट हवेत सांधे सुकायलाच मागत नाहीत. थंडी किंवा मे महिन्याच्या आतलं ऊन चांगलं.

घरात एकच बाथरूम असेल तर? दोन टप्पे करा. आधी भिंती, मग पुढच्या शनिवार-रविवारी जमीन. किंवा घरचे गावी जातात ते चार दिवस पकडा.

मिस्त्री कधी बोलवावा?

* बऱ्याच टाइल्स बद्द वाजत असतील.
* वर दिलेल्या चाचणीत पाइप किंवा ट्रॅपवर संशय आला असेल.
* भरलेला सांधा त्याच जागी पुन्हा पुन्हा तडकत असेल. याचा अर्थ खाली काहीतरी हलतंय.
* टाइल्समध्ये फटच नसेल आणि पाणी मुरत असेल.

मिस्त्री आला की त्याला एकच प्रश्न विचारा: "जुना मसाला किती खोल काढणार?" उत्तर "काढायची गरज नाही, वरून मारून देतो" असं असेल, तर हात जोडून नमस्कार करा आणि दुसरा मिस्त्री शोधा.

पुढची काही वर्षं टिकवायचं असेल तर

फरशीवर अ‍ॅसिड बंद. रोजच्या धुण्याला सौम्य साबणाचं पाणी पुरतं. अंघोळीनंतर वायपरने पाणी ट्रॅपकडे ओढा, दार किंवा एक्झॉस्ट फॅन चालू ठेवा. आणि सहा महिन्यांतून एकदा सांध्यांवर नजर टाका. बोटभर लांबीचा तुकडा निघाला असेल तेव्हाच तो भरला, तर पाकिटातलं उरलेलं ग्राउट आणि अर्धा तास पुरतो. दुर्लक्ष केलं, तर तेच काम पुढे टाइल्स फोडण्यापर्यंत आणि खालच्यांचं छत रंगवून देण्यापर्यंत जातं.